मास्तरांचा शेजारी

ताईच्या ऑफिसात सर्व्हरला स्वतंत्र खोली होती आणि ताईला नव्हती. खोली म्हणजे खरं तर कपाटच. दार उघडून वाकलं की डोकं आत आणि पाठ बाहेर. पण त्या खोलीला पंखा होता, कुलूप होतं, आणि दारावर दादाच्या टपोऱ्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता: ‘हात लावू नये. मला फोन करावा.’

हे ऑफिस ब्रेल पुस्तकांचं. शाळेची पुस्तकं इथं यायची, टायपिस्ट ती मशीनवर उतरवायचे, मास्तर तपासायचे, आणि मग काकू एम्बॉसरवर जाड कागदावर ठिपके उठवायच्या. एम्बॉसरचा खडखडाट असा, की काकू त्याला सुतारपक्षी म्हणत आणि दिवसभर त्याच्याशी भांडत.

ताई आणि तिचा थोरला भाऊ, दोघांनी मिळून हे उभं केलं होतं. ताईनं भाषेची बाजू धरली, दादानं मशीनची. तेव्हा माणसं इतकी होती की जेवायच्या सुट्टीत खुर्च्यांवरून कुरबुरी व्हायच्या. इतक्या जणांना शिस्तीत ठेवायचं म्हणून दादानं सर्व्हर आणला आणि सगळी मशीन त्याच्या डोमेनमध्ये घातली. म्हणजे कुणी कुठल्या नावानं मशीन उघडायचं, कुणाला कुठला फोल्डर दिसेल, कोण काय छापेल, सगळी सूत्रं सर्व्हरच्या हातात, आणि सर्व्हर दादाच्या हातात. त्या वेळी ते बरोबरच होतं.

पुढं कामं रोडावली, माणसं पांगली. आता पाच जण उरले होते: ताई, मास्तर, काकू, आणि शेजारी शेजारी बसून दिवसभर एकमेकांच्या चुका काढणारं एक टायपिस्ट जोडपं. वहिनीला दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली तसा दादाही तिकडे गेला. पण सर्व्हरचा कारभार त्यानं सोडला नाही. एखादा नवा फाँट टाकायचा म्हटलं तरी त्याला फोन करावा लागे. तो म्हणायचा, “थांब, हात लावू नकोस, मी इथून बघतो.” मग संध्याकाळी, त्याच्या ऑफिसचं काम संपलं की तो बघायचा. तोवर इकडे सगळे हातावर हात ठेवून बसायचे.

सर्व्हर म्हातारा झाला होता. त्याच्या पंख्याला खोकला लागला होता. आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, सहावीचं विज्ञान अर्धं छापून झालेलं असताना, एक दिवस तो बसला. मशीन उघडत होती, पण पुस्तकांचा फोल्डर काही केल्या उघडेना. इंटरनेटसुद्धा गेलं, कारण त्याचाही रस्ता सर्व्हरमधूनच. पाच माणसं आणि एक सुतारपक्षी, सगळे गप्प. दादानं फोनवरून कसाबसा तो उठवला, पण तो सबंध दिवस वाया गेला.

त्या संध्याकाळी ताईनं दादाला फोन केला.

“झालं ना सुरू?” दादानं उचलल्या उचलल्या विचारलं. “आता सुट्टी काढून येतो आणि नवा सर्व्हरच बसवतो.”

“नको,” ताई म्हणाली. “मी सर्व्हर काढतेय.”

“काढतेय म्हणजे?”

“डोमेन मोडायचं. सगळी मशीन वर्कग्रुपवर आणायची. ज्याचं त्याचं खातं ज्याच्या त्याच्या मशीनवर. पुस्तकांचा फोल्डर काकूंच्या मशीनवर ठेवायचा, तिथून सगळ्यांना उघडता येईल. पाच मशीन आहेत दादा. त्यांच्यावर राजा कशाला हवा?”

“बारके, तुला कळतंय का काय बोलतेस? वर्कग्रुप म्हणजे सावळा गोंधळ. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहणार नाही. पासवर्ड विसरले, फोल्डर पुसला, कुणाला विचारणार?”

“एकमेकांना.”

“मग मला तरी कशाला विचारतेस?” असं म्हणून दादानं फोन ठेवला.

ताईला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला. दादानं हे सगळं आपल्या हातानं जोडलं होतं. जमिनीवर पालथं पडून वायरी ओढल्या होत्या, कोपरं सोलून घेतली होती. त्याला आपण हाकलून देतोय असं वाटत असणार. पण विज्ञानाचं पुस्तक अडलं होतं, आणि ज्या मुलांच्या बोटांना ते हवं होतं त्यांना दादाच्या सुट्टीशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाचा निरोप आला. वर सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, इतका लांबलचक की वाचतानाच दम लागावा. खाली एकच ओळ: ‘मशीन डोमेनमधून काढायच्या आधी त्याच्यावर तुझं स्वतःचं खातं कर, सगळे अधिकार देऊन. नाहीतर किल्ली आत आणि तू बाहेर.’ ना रामराम, ना कशी आहेस. पण पासवर्ड दिला होता. ताईनं तेवढंच धरून ठेवलं.

ऑफिसात तिनं बेत सांगितला तेव्हा काकूंनी टाळीच वाजवली. “म्हणजे आता मला माझ्या पडद्यावर घड्याळ मोठं करता येईल? दादाला तीनदा सांगितलं, तो म्हणायचा बघतो.”

“घड्याळच काय काकू, काय वाटेल ते मोठं करा.”

टायपिस्ट नवरा म्हणाला, “आणि पासवर्ड आपला आपण ठेवायचा?”

“आपला आपण.”

“हिला न सांगता?”

“मी काय तुझा पासवर्ड ओळखणार नाही की काय,” बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. सगळे हसले.

फक्त मास्तर हसले नाहीत. ते आपल्या कोपऱ्यात, कानाला हेडफोन अर्धवट लावून, मान किंचित तिरपी करून बसले होते. मास्तर पूर्वी शाळेत भाषा शिकवत. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि पुढची सगळी मास्तरकी त्यांनी कानांवर आणि बोटांवर केली. इथं ते मूळ मजकूर स्क्रीन रीडरवर ऐकत, म्हणजे पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, आणि त्याच वेळी छापलेल्या पानावरून बोट फिरवत. कान आणि बोट यांचं जिथं जमलं नाही तिथं चूक. त्यांच्या हातून चूक सुटली असं कुणाला आठवत नव्हतं, आणि त्यांनी कधी कुणाची चूक पोटात घातली असंही नाही.

“माझ्या मशीनला हात लावायचा नाही,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, सगळ्यांचं करायचंय. तुमचंच कसं ठेवू?”

“शेजाऱ्याला काही झालं तर?”

शेजारी म्हणजे तो आवाज. स्क्रीन रीडरमधला पुरुषी, जरासा घोगरा आवाज. मास्तरांनी वर्षानुवर्षं त्याला शिकवलं होतं. कुठला शब्द कसा उच्चारायचा, कुठं थांबायचं, कंसातलं कसं वाचायचं, सगळं एकेक करून भरवलं होतं. पहिल्यांदा त्यानं ‘प्रकाशसंश्लेषण’ न अडखळता म्हटलं त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला होता. सकाळी येऊन खुर्चीत बसले की ते म्हणत, “बघू, शेजारी काय म्हणतोय.”

“शेजाऱ्याला काही होणार नाही,” ताई म्हणाली. “मी शब्द देते.”

“शब्द देऊ नका. काळजी घ्या,” मास्तर म्हणाले. पण थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “शनिवारी करा. मी समोर बसणार.”

शनिवारी ऑफिसला सुट्टी असे, तरी सगळे आले. जोडप्यानं डबाभर खाऊ आणला, जणू सहलीला निघालेत. ताईनं पहिलं काम केलं ते पुस्तकांचं. सर्व्हरवरची सगळी पुस्तकं काकूंच्या मशीनवर उतरवली, वर एका वेगळ्या डिस्कवरही घेतली. मग एकेका मशीनवर आपलं खातं तयार केलं, दादानं सांगितलं होतं तसं. आणि पहिल्यांदा स्वतःचंच मशीन डोमेनमधून काढलं. नवं खातं उघडलं तर पडदा कोरा करकरीत, नव्या घरासारखा. जुनं सामान सर्व्हरवर होतं. दादानं तशीच व्यवस्था केली होती: मशीन बंद केलं की त्या माणसाचं सगळं सामान सर्व्हरवर जाऊन बसायचं आणि मशीनवरचं पुसलं जायचं, म्हणजे कुणी कुठल्याही मशीनवर बसलं तरी त्याला आपलंच घर दिसावं. ताईनं सर्व्हरवरून आपलं सामान आणून नव्या खात्यात मांडलं. जमलं!

मग काकूंचं. मग जोडप्याचं. पासवर्ड निवडताना नवरा हातानं कीबोर्ड झाकून बसला, आणि बायकोनं मागे उभं राहून निव्वळ त्याच्या खांद्यांची हालचाल बघून तो ओळखला. काकूंनी घड्याळ इतकं मोठं केलं की बाकीचं काही दिसेना, मग थोडं लहान केलं. दुपारपर्यंत ताईला वाटायला लागलं होतं, की एवढ्यासाठी आपण उगीच घाबरत होतो.

मास्तर तोवर आपला धडा संपवत होते. धडा संपेपर्यंत त्यांनी मशीन सोडलं नाही. संपल्यावर हेडफोन काढून, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली. “घ्या.”

ताईनं मशीन डोमेनमधून काढलं. ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं. एरवी इथं शेजारी बोलायचा, ‘नाव सांगा’ म्हणून. आज काहीच नाही. ताईनं नवं खातं उघडलं. तरी शांतता. मग तिनं स्क्रीन रीडर हातानं सुरू केला, आणि एक अनोळखी बाई भरभर, नाकातून, काहीबाही बोलायला लागली.

“ही कोण?” मास्तर म्हणाले.

“थांबा मास्तर, शेजारी सर्व्हरवर आहे. आणते त्याला.”

ती उठून त्या कपाटाएवढ्या खोलीपाशी गेली आणि दार उघडायच्या आधीच तिला ऐकू आलं. टक्. टक्. टक्. आतल्या डिस्कचं ते टकटकणं ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती, तरी डिस्क बसली हे तिला लगेच कळलं. पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थिजली होती. पुस्तकं बचावली होती, बाकीच्यांचं सामान बचावलं होतं. राहिला होता तो फक्त शेजारी.

तिनं परत येऊन मास्तरांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांना ते टकटकणं तिच्या आधी ऐकू आलं असणार.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, “त्या बाईला जरा गप्प करा.” आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, “या वयात पुन्हा पहिलीपासून शिकवायचं म्हणजे... बघू.”

काकूंनी त्यांच्यासमोर चहा आणून ठेवला आणि त्यांचं बोट कपाच्या कानाला टेकवलं.

ताई जिन्यात गेली. फोन हातात घेतला आणि नुसता धरून राहिली. आता दादा काय म्हणेल ते तिला पाठ होतं. सांगितलं होतं ना. हात लावू नकोस म्हटलं होतं ना. तरी तिनं लावला.

“काय झालं?” दादा म्हणाला. मागे पाण्याचा आणि पोरांच्या कल्ल्याचा आवाज येत होता.

तिनं सगळं सांगितलं. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूनं न वळवता.

“फोन सर्व्हरजवळ धर,” दादा म्हणाला.

तिनं आत येऊन धरला. तो ऐकत राहिला.

“गेला,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. कुणी तरी म्हातारं घरचं माणूस गेल्याचं कळावं तसा तो आवाज होता. “बंद कर आता. पुन्हा चालू करू नकोस. उगीच हाल.”

तिनं सर्व्हर बंद केला. पंख्याची घरघर थांबली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत काही वाजत नव्हतं.

“दादा, मास्तरांचा शेजारी...”

“थांब. विचार करू दे.” मागचा कल्ला कमी झाला, तो कुठं तरी आडोशाला गेला असावा. “मास्तरांचं मशीन. अगं, मास्तरांचं! त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं, आठवतं? सकाळी मशीन उघडायला वेळ लागतो, सगळं सामान सर्व्हरवरून येईपर्यंत मी काय माशा मारू, म्हणून. रोज फोन. शेवटी कंटाळून मी त्यांच्यापुरती ती पुसायची सेटिंग काढून टाकली होती. त्यांचं सामान मशीनवरही राहत असणार. जा, बघ.”

ताई धावतच मास्तरांच्या मशीनपाशी गेली. दादानं सांगितलं त्या ठिकाणी तिनं बघितलं, आणि खरंच, मास्तरांच्या जुन्या नावाचा फोल्डर तिथं होता. तिनं उघडायला घेतला. मशीन म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही.

“परवानगी नाही म्हणतंय!”

“म्हणणारच. ज्याच्या नावावर तो फोल्डर आहे, ते खातं डोमेनमधलं. डोमेनच राहिलं नाही, तर ओळखणार कोण?” दादा आता भरभर बोलत होता, पूर्वी जमिनीवर पालथं पडून वायरी ओढताना बोलायचा तसा. “पण मशीनची मालकीण आता तू आहेस. फोल्डर आधी तुझ्या नावावर करून घे. मग उघडेल. सांगतो, एकेक कर.”

त्यानं सांगितलं, तिनं केलं. मशीन बराच वेळ गुरगुरत राहिलं. मग फोल्डर उघडला. आत शेजाऱ्याचं सगळं बिऱ्हाड जिथल्या तिथं होतं: उच्चार, विराम, वेग, सगळं. तिनं ते नव्या खात्यात नेऊन ठेवलं, नव्या मालकाच्या, म्हणजे मास्तरांच्या नावावर केलं. मशीन उघडतानाच त्यानं बोलावं अशी खूणही करून ठेवली. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि मास्तरांच्या हातात हेडफोन द्यायला गेली.

“हेडफोन नको,” मास्तर म्हणाले. “सगळ्यांना ऐकू दे.”

काकूंनी सुतारपक्ष्याचंसुद्धा बटण बंद केलं.

“नाव सांगा,” शेजारी म्हणाला. घोगरा, सावकाश, आपला.

मास्तरांनी नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला, विज्ञानाचा धडा उघडला. शेजारी वाचायला लागला. मास्तर मान तिरपी करून ऐकत होते, आणि त्यांचं बोट टेबलावर आपोआप सरकत होतं, जणू खाली पान आहे. पानाच्या मध्यावर त्यांनी त्याला थांबवलं.

“इथं स्वल्पविराम सुटलाय,” ते म्हणाले. “टायपिस्ट बाईंनी का टायपिस्ट बुवांनी, ते आपसात ठरवा.”

काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पदराला डोळे पुसले.

ताई फोन घेऊन पुन्हा जिन्यात आली. दादा अजून होता.

“ऐकलं?”

“ऐकलं,” तो म्हणाला. “बारके, एक सांगू? तुझा फोन आला की मी आधी धसकायचो. म्हटलं, बसला वाटतं सर्व्हर. कधीकधी नाव बघूनसुद्धा मी लगेच उचलायचो नाही. घरात ही विचारायची, बहिणीचा फोन आहे, घेत का नाहीस.”

“मग सोडला का नाहीस?”

“काय माहीत. तो सोडला की ऑफिस सुटलं असं वाटायचं.”

ताई पायरीवर बसली. तिला कळलं, की गेली कितीतरी वर्षं आपण दोघं फक्त सर्व्हरबद्दल बोलतोय. त्याच्या पंख्याची चौकशी तिनं केली होती, पण दादाच्या दुखऱ्या गुडघ्याची नाही. “ऑफिस तुझंच आहे,” ती म्हणाली. “फक्त पासवर्ड तुझा नाही.”

तो मोठ्यानं हसला. मागून पुन्हा पाण्याचा आवाज आला.

“आणि तू आहेस कुठं? हा कसला कल्ला?”

“पोहायला शिकतोय.”

“तू?”

“हसू नकोस. कडेचा दांडा सोडवत नाही अजून. आजूबाजूला सगळी चिल्लीपिल्ली, माशासारखी फिरतात, आणि मधे मी, दांड्याला लटकलेला. शिकवणारी पोरगी म्हणते, काका, हात सोडा, पाणी धरतं माणसाला.”

“मग सोडलास?”

“आज सोडणार होतो, तेवढ्यात तुझा फोन आला.”

सोमवारी काकूंनी आल्या आल्या आपलं मशीन सुरू करायचं विसरून सुतारपक्ष्याची झाडपूस सुरू केली, आणि पुस्तकांचा फोल्डर कुणालाच दिसेना. पूर्वी अशा वेळी सगळे संध्याकाळची वाट बघत बसले असते. आता टायपिस्ट बाईंनी जागेवरूनच हाक मारली, “काकू, मशीन!” काकूंनी जीभ चावून बटण दाबलं आणि काम पुढं सुरू झालं. विज्ञानाचे शेवटचे धडे त्याच आठवड्यात छापून झाले. गठ्ठे बांधून शाळेत गेले तेव्हा शाळा उघडायला थोडा अवधी होता.

दारावरचा कागद ताईनं काढला. रिकाम्या खोलीत आधी जाड कागदाची रिमं ठेवली, मग तीही काढली, आणि तिथं एक छोटं टेबल बसतंय का ते मापून बघितलं. बसत होतं. वाकून का होईना.

पुढच्या शनिवारी तिचा फोन वाजला. दादा होता.

“काय झालं?” सवयीनं तिनंच विचारलं.

“काही नाही झालं,” तो म्हणाला. त्याला अजून धाप लागलेली होती. “ऐक ना. आज मी दांडा सोडला.”

ताईनं हातातलं काम बाजूला सारलं, खुर्चीत मागे रेलून बसली आणि म्हणाली, “पहिल्यापासून सांग.”